पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा

मनुष्यबळ विभागाच्या मॅडमनी बोलावलंय असं कळल्यावर त्या झाकणं बनवणाऱ्या कंपनीतल्या कुठल्याही शहाण्या माणसाच्या पोटात गोळा आला असता. निवेदकांनी मात्र घसा खाकरला, भांग सारखा केला आणि दोन-दोन पायऱ्या चढत ते वर गेले.

निवेदक हे त्यांचं पद नव्हतं. पद म्हणाल तर आवक-जावक विभागातले कारकून. आलेली पत्रं वहीत चढवायची, जाणाऱ्यांवर क्रमांक घालायचा, एवढाच व्याप. पण कंपनीत काहीही समारंभ असला की माइक त्यांच्या हातात. कुणाचा निरोप असो, कुणाचा सत्कार असो, नाहीतर बरण्यांची झाकणं पाडायचं नवं यंत्र आलेलं असो, हे गृहस्थ डोळे मिटून अशा काही आर्ततेने "आणि आता तो क्षण..." म्हणायचे, की यंत्रसुद्धा बटण दाबायच्या आधी जरा थबकायचं. त्यामुळे सगळी कंपनी त्यांना निवेदक म्हणायची. घरी बायकोही लोकांपुढे म्हणायची, पण तिच्या म्हणण्यात आदर किती आणि वैताग किती हे नेमकं सांगता येणार नाही.

"तुमचा आवाज हवाय," मॅडम म्हणाल्या.

या वाक्याची वाट निवेदक एकोणीस वर्षं पाहत होते.

"सहकाऱ्यांपर्यंत एक छोटासा संदेश पोचवायचाय. मशीन आपोआप फोन लावेल, आवाज तुमचा असेल. फक्त आपुलकी हवी हं. रूक्ष नको."

"सगळ्यांना जाणार का?"

"नाही, निवडक लोकांना."

निवडक म्हटल्यावर निवेदक खूश झाले. आपला आवाज ऐऱ्यागैऱ्याच्या कानात जाणार नाही, एवढाच त्यांनी त्याचा अर्थ घेतला. मॅडमनी टाइप केलेला कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं:

"नमस्कार. आपण आमच्या कुटुंबातले एक मोलाचे सदस्य आहात. आपण दिलेल्या वर्षांबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. येत्या एक तारखेपासून आपल्या प्रवासाचा नवा टप्पा सुरू होत असून, त्यासाठी कंपनी आपल्याला आनंदाने मोकळं करत आहे. आपल्या वस्तू त्याआधी सोबत नेण्याची कृपा करावी. हा संदेश पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा. आपल्या भावना व्यक्त करण्यासाठी दोन दाबा. धन्यवाद."

आता तुम्ही-आम्ही हा कागद वाचला असता तर काय कळायचं ते पहिल्या वाचनात कळलं असतं. पण निवेदक कागद वाचत नसत. ते कागदावर श्वास कुठे घ्यायचा ते बघत. "ऋणी" च्या आधी अर्धा श्वास, "आनंदाने" वर हलकं स्मित, "धन्यवाद" पूर्ण विरून जाऊ द्यायचं. जिना उतरेपर्यंत त्यांनी पेन्सिलीने कागदभर खुणा करून टाकल्या होत्या.

ध्वनिमुद्रणाला चार दिवस होते आणि ते चार दिवस त्या इमारतीने सोसले. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी पहिल्याच संध्याकाळी खाली येऊन "मोकळं" हा शब्द आक्षेपार्ह ठरवला. लेखी भाषेत "मोकळे" हवं, असं त्यांचं म्हणणं. "अहो, पण आपुलकी हवी आहे," निवेदक म्हणाले. "आपुलकी व्याकरणाच्या आत राहूनही दाखवता येते," हेडमास्तर म्हणाले. यावर पाऊण तास गेला. शेजारचे दातांचे डॉक्टर आले आणि त्यांनी व्याकरण बाजूला सारून निवेदकांचा जबडा हातात घेतला. तोंड पुरेसं उघडत नाही, दोन बोटं आडवी मावली पाहिजेत, असं त्यांचं शास्त्र. निवेदकांनी दोन बोटं तोंडात ठेवून सगळा संदेश म्हणून दाखवला. तो कुणालाच कळला नाही, पण उघडझाप उत्तम झाली असा डॉक्टरांनी निर्वाळा दिला.

बायको इस्त्री करत होती. चौथ्यांदा की पाचव्यांदा ऐकल्यावर तिने इस्त्री उभी ठेवली.

"अहो, पण हे काढून टाकतायत का कुणाला?"

"काय?"

"नाही, वस्तू घेऊन जा म्हणतायत म्हणून म्हटलं."

"तुला निवेदनातलं काय कळतं?" निवेदक म्हणाले. लय तुटल्याचा त्यांना खरोखर राग आला होता. बायकोने इस्त्री पुन्हा आडवी केली आणि बाहीवरून अशी फिरवली की बाहीत कुणी असतं तर त्याची धडगत नव्हती.

ध्वनिमुद्रण बारा वेळा झालं. कानाला हेडफोन लावलेला तंत्रज्ञ तिसऱ्याच खेपेला "चालेल" म्हणत होता, पण निवेदक ऐकतात थोडेच! बाराव्या खेपेला "ऋणी" वर त्यांचा आवाज इतका भरून आला, की काचेपलीकडे मॅडमनी चष्मा पुसला. मग तंत्रज्ञाने सुट्टी वाक्यंही घेतली. "आपल्याकडे तीस सेकंद आहेत." "आपण चुकीचं बटण दाबलं आहे." निवेदकांनी तीही तितक्याच मायेने म्हटली. चुकीचं बटण दाबणाऱ्याला एवढ्या प्रेमाने आजवर कुणी सांगितलं नसेल.

सोमवारी सकाळी आठ वाजता मशीनने त्रेचाळीस जणांना फोन लावले.

निवेदकांना हे ठाऊक नव्हतं. ते नेहमीप्रमाणे साडेनऊला पोचले, नेहमीप्रमाणे फाटकावरच्या रखवालदाराला "शुभ प्रभात" म्हणाले, आणि रखवालदाराने पहिल्यांदाच तोंड फिरवलं. आत कॅशियरबाई वाटच पाहत होत्या.

"काय हो, शोभतं का तुम्हाला?"

"काय झालं?"

"काय झालं म्हणून मलाच विचारा! सकाळी मी दात घासत होते. फोन घेतला तर तुम्ही. मला वाटलं घरी काही बरंवाईट झालं की काय. मी म्हटलं, बोला. तुम्ही जे सुटलात ते थांबेनाच. मी ओरडून विचारलं, अहो पण का? सोळा वर्षांत एक पैची चूक नाही माझी, मग का? तर म्हणता, पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा!"

"बाई, तो मी नव्हतो. म्हणजे आवाज माझा होता, पण..."

"मग मी दोन दाबलं. भावनांना तीस सेकंद! तुम्हाला सांगते, मला नुसतं रडायलाच पस्तीस लागतात."

दुपारपर्यंत निवेदकांना तेरा जणांनी गाठलं. यंत्रावरच्या फोरमनने तर सकाळी फोनवरच त्यांच्याशी भांडण केलं होतं. संदेशातल्या प्रत्येक थांब्यावर तो एकेक शिवी घालत गेला, आणि निवेदकांनी थांबे इतके अचूक घेतले होते की त्याला ते रीतसर संभाषणच वाटलं. "शेवटी धन्यवाद म्हणालास ना, तेव्हाच मी ओळखलं, तुझ्या कातडीला काही लागत नाही," असं म्हणून त्याने निवेदकांचा डबा खाण्याच्या टेबलावरून खाली ठेवला. डबा फेकला नाही, ठेवला. हे निवेदकांना जास्त लागलं.

तेव्हा कुठे त्या भल्या माणसाच्या डोक्यात प्रकाश पडला. आवक-जावकच्या खुर्चीत बसून त्यांनी पेन्सिलीच्या खुणांचा तो कागद काढला आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, श्वास न मोजता, एक निवेदन अर्थासाठी वाचलं.

संध्याकाळी घरी बैठक बसली. बायकोने "मी म्हटलं होतं" हे तीन शब्द उच्चारले नाहीत. त्याबद्दल तिचे आभार मानावेत तितके थोडे. फक्त चहाचा कप ठेवताना तिने तो जरा जास्त आवाज करून ठेवला.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," निवेदक म्हणाले. "ठरवलं कुणी, लिहिलं कुणी, आणि शिव्या मला!"

"आवाज बदला," दातांचे डॉक्टर म्हणाले. "खालचे दोन दात जरा घासले तर 'स' उच्चारताना वेगळा येईल. ओळखणार नाही कुणी."

"छे! लेखी अर्ज द्या," हेडमास्तर म्हणाले. "विषय स्पष्ट असला की अर्धं काम होतं." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने विषय लिहून दिला: माझा आवाज परत मिळणेबाबत.

तो अर्ज निवेदकांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच आवक वहीत चढवला, स्वतःच त्यावर क्रमांक घातला आणि स्वतःच वर नेऊन दिला. मॅडमनी तो सहानुभूतीने वाचला. सहानुभूतीचं प्रशिक्षण त्यांनी नुकतंच घेतलं होतं, त्याचं प्रमाणपत्र मागे भिंतीवर होतं.

"तुमच्या भावना मी समजू शकते. पण कामाच्या वेळेत काढलेला आवाज कंपनीचा असतो. तुमच्या नेमणूकपत्रात आहे तसं."

"नेमणूकपत्रात शोध लावला तर तो कंपनीचा, असं आहे."

"आवाजही एक प्रकारचा शोधच ना! तुमच्यासारखा दुसरा कुठे मिळालाय आम्हाला?"

इथे निवेदक विरघळले. हा त्यांचा दोष होताच. शिवाय मॅडमनी तोडगाही काढला होता. अजून दोन याद्या बाकी आहेत, त्यांच्या संदेशाला एक खुलासा जोडू, म्हणजे गैरसमज राहणार नाही. निवेदकांनी त्याच दुपारी खुलासा ध्वनिमुद्रित केला, तोही हेडमास्तरांनी फोनवर सांगितलेल्या निर्दोष भाषेत: "या संदेशातील आवाज आवक-जावक विभागातील निवेदकांचा असून, सदर निर्णयाशी त्यांचा कोणताही संबंध नाही."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पहिल्या यादीतल्या निम्म्या लोकांनी आवाज ओळखलाच नव्हता. दुसऱ्या यादीतल्या एकतीस जणांना तो नावानिशी कळला. त्यात तंत्रज्ञाने खुलासा शेवटी जोडायच्या ऐवजी सुरुवातीला जोडला. म्हणजे बुधवारी सकाळी एकतीस घरांत फोन वाजला आणि पलीकडून नमस्कार-चमत्काराच्या आधीच एक मायाळू आवाज म्हणाला, निर्णयाशी माझा काही संबंध नाही. कसला निर्णय ते पुढे यायचं होतं. रंगखात्यातल्या एका बाईंना वाटलं, मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. त्यांनी पुढचं ऐकलंच नाही, थेट व्याह्यांना फोन लावला, आणि तिथे जे झालं ते निस्तरायला त्यांना दोन दिवस लागले. नोकरी गेल्याचं त्यांना त्यानंतर कळलं. त्या निवेदकांना एवढंच म्हणाल्या, "तुमचे उपकार, नोकरीच गेली फक्त."

त्याच बुधवारी दुपारी भाऊ आले.

भाऊ म्हणजे गोदामाचे भाऊ. वयाने मोठे असलेलेही त्यांना भाऊच म्हणायचे. चोवीस वर्षं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाकणांची खोकी बांधून पाठवायचं काम. खोक्यासोबत जाणाऱ्या कागदावर क्रमांक घालायला ते रोज एकदा आवक-जावकमध्ये यायचे, बाकावर टेकायचे, निवेदकांबरोबर अर्धा कप चहा घ्यायचे आणि जायचे. पहिल्या यादीत त्यांचं नाव होतं हे निवेदकांना माहीत होतं. सोमवारपासून भाऊ आले नव्हते आणि निवेदकांनी त्या बाकाकडे पाहणं टाळलं होतं.

भाऊंनी येऊन त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"अरे, काय बोललास! काय बोललास तू!"

निवेदकांनी मान खाली घातली आणि पुढच्या शिवीची वाट पाहिली. शिवी आली नाही.

"अकरा वेळा ऐकलं. एक दाबायचं, की तू पुन्हा सुरू. घरी स्पीकरवर लावला. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. चोवीस वर्षांत मला कुणी बरं केलंस असं म्हटलं नाही रे. दोरी जास्त लागली की तेवढं बोलायचे. आणि आता कंपनी म्हणते, ऋणी आहोत!"

निवेदकांनी तोंड उघडलं. दोन बोटं आडवी मावतील इतकं उघडलं, पण त्यातून काही आलं नाही.

"नवा टप्पा म्हणजे मुख्य कचेरीतच नेत असणार," भाऊ सांगत होते. "वस्तू हलवा म्हटलंय ना. माझी कात्री, वजनकाटा आणि बसायची उशी खोक्यात भरून ठेवली. वर नाजूक अशी चिठ्ठीपण लावली. आणि बरं का, मेहुणा मागे लागला होता. कुलपं-बिजागऱ्यांचं दुकान आहे त्याचं, भरवशाचा माणूस हवाय. शनिवारपर्यंत सांगा म्हणाला, नाहीतर दुसरा बघतो. आता कशाला जातोय मी? शनिवारी संध्याकाळी नाही म्हणून कळवून टाकतो."

"भाऊ, जरा..."

"तू नको लाजू. तुझ्या आवाजात होतं म्हणून पटलं. दुसरा कुणी बोलला असता तर मला वाटलं असतं, काढून टाकतायत की काय!" आणि भाऊ मनापासून हसले.

गोदामातल्या बाकीच्या दोघांचीही नोकरी गेली होती, पण ते रागाने सोमवारपासून फिरकलेच नव्हते. इतरांना वाटायचं, भाऊंना सगळं ठाऊक आहे आणि तरी हसतायत. "धीराचा माणूस!" असं कॅशियरबाई डोळे टिपत म्हणायच्या. धीराच्या माणसाला कोण कशाला काय सांगायला जाईल?

गुरुवारी निवेदकांनी भाऊंना सांगायचं ठरवलं आणि गोदामापर्यंत जाऊन ते फक्त दोरीचा भाव विचारून परत आले. मग त्यांनी मॅडमना गाठलं.

"भाऊंचा गैरसमज झालाय. तुम्ही एकदा बोलावून स्पष्ट सांगा त्यांना."

मॅडमनी संगणकात पाहिलं. "संदेश पोचल्याची नोंद आहे. अकरा वेळा ऐकलाय. आणि दोन दाबून त्यांनी चक्क आभार मानलेत! वरिष्ठांच्या बैठकीत आम्ही तेच ऐकवणार आहोत. इतक्या सन्मानाने कुणाला निरोप दिला जात नसेल हो."

"अहो, पण त्यांना कळलेलंच नाही!"

"म्हणजे आपुलकी किती चांगली साधली बघा," मॅडम म्हणाल्या.

शुक्रवारी निवेदकांनी पत्र लिहिलं. त्यात "खेदाने कळवण्यात येते की" असं आलं म्हणून फाडलं. दुसरं लिहिलं, ते वाचताना आपोआप श्वास कुठे घ्यायचा ते दिसायला लागलं म्हणून तेही फाडलं. हेडमास्तरांचं मत पडलं, की अशा गोष्टी माणसाला आपोआप कळू द्याव्यात. डॉक्टर म्हणाले, "ज्याचा दात तो कधीतरी दुखतोच." एवढी दोन अनमोल मतं मिळूनही निवेदकांच्या जिवाला चैन पडेना. एका माणसाने आपल्यावर विश्वास ठेवला आणि त्या विश्वासापायी तो हातातली नोकरी घालवायला निघाला होता. याचं त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि सांगायची भीती त्याहून जास्त वाटत होती.

शनिवारी कंपनीला सुट्टी. निवेदक सकाळी दाढी करत होते. फोन वाजला. गालाला फेस तसाच ठेवून त्यांनी तो कानाजवळ धरला.

"या संदेशातील आवाज आवक-जावक विभागातील निवेदकांचा असून, सदर निर्णयाशी त्यांचा कोणताही संबंध नाही," निवेदकांनी निवेदकांना सांगितलं. "नमस्कार."

"नमस्कार," निवेदक म्हणाले. सवय!

त्यांनी सगळा संदेश ऐकला आणि एक दाबला. पुन्हा ऐकला, पुन्हा एक दाबला. तुम्हाला वाटेल, बिचाऱ्याला धक्का बसला असेल. तसं काही नव्हतं. "वर्षांबद्दल" च्या आधी घेतलेला श्वास किंचित ऐकू येतोय असा त्यांना संशय होता आणि तो त्यांना पडताळून पाहायचा होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. तिसऱ्या खेपेला संशय खरा ठरला. त्यांनी फोन खाली ठेवला.

"कुणाचा होता?" बायकोने आतून विचारलं.

"माझा."

ती पदराला हात पुसत बाहेर आली. नवऱ्याच्या तोंडाकडे तिने क्षणभर पाहिलं. फेस एका गालावर वाळायला लागला होता.

"काढलं?"

"हो."

सगळ्या संदेशाचं काम तिने एका शब्दात केलं होतं. आणि त्या एका शब्दासरशी निवेदक स्नानघराच्या उंबऱ्यावरच बसले. एकोणीस वर्षं. टेबलाच्या खणात पडलेला दुसरा चष्मा. कुठली गोष्ट आधी आठवावी तेच त्यांना कळेना. तीन वेळा ऐकूनही आत न गेलेली गोष्ट बायकोच्या साध्या प्रश्नाने थेट आत गेली होती. ती शेजारी येऊन उंबऱ्यावर बसली. दोघं मावण्याएवढा तो उंबरा नव्हता, तरी बसली.

"बघू पुढे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "दुसरा गाल करून घ्या आणि भाऊंकडे जा. शनिवार आहे आज."

भाऊंचं घर गोदामासारखंच होतं. प्रत्येक वस्तू आपापल्या जागी आणि प्रत्येक जागेला चिठ्ठी. आत शिरताच निवेदकांना कळलं, की आपण चुकीच्या वेळी आलो. बाहेरच्या खोलीत सात-आठ शेजारी बसले होते, चहाचे कप फिरत होते. भाऊंनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

"ये, ये! मी सांगत होतो ना, हाच तो!" भाऊंनी त्यांना ओढूनच खोलीच्या मधोमध आणलं. "फोनवर सगळ्यांनी ऐकलं. आता समोरासमोर ऐकवायचं. एकदा म्हणून दाखव रे."

"नको भाऊ. माझं जरा..."

"अहो, म्हणा की," भाऊंची बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "परत मेहुण्याला फोन करायचाय यांना. तुम्ही म्हटलंत की लगेच करून टाकतील."

निवेदक उभे राहिले. आयुष्यात प्रथमच आठ श्रोते समोर असून त्यांना पळून जावंसं वाटत होतं. त्यांनी घसा खाकरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "नमस्कार."

पुढचं सगळं पाठ होतं, श्वासासकट. पण डोळे मिटून भागणार नव्हतं. त्यांनी ते उघडले. समोर भाऊ ओठ किंचित हलवत, पुढचं वाक्य मनातल्या मनात म्हणत होते.

"भाऊ, तुम्हाला काढलंय," निवेदक म्हणाले. आवाज फाटका आला, किरटा, एखाद्या भलत्याच माणसाचा असावा तसा. "एक तारखेपासून नोकरी नाही. मुख्य कचेरी वगैरे काही नाही. त्या संदेशाचा अर्थ तोच होता. मला आधी कळला नाही, आणि कळल्यावर तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. मेहुण्याला नाही म्हणू नका. मलाही काढलंय, आज सकाळी."

खोलीतल्या कुणीच कप खाली ठेवला नाही. ठेवला तर आवाज झाला असता. एका शेजाऱ्याला अचानक गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं, मग दुसऱ्यालाही तेच आठवलं, आणि पाहता पाहता सगळ्या इमारतीचं दूध उतू जायला लागलं. खोलीत तिघंच उरली.

भाऊ खाली बसले होते. त्यांनी सदऱ्याची बाही गुंडाळली, मग ती उलगडली.

"अकरा वेळा ऐकलं मी," ते म्हणाले.

"मला माफ करा, भाऊ."

"एक सांग. ते ऋणी आहोत म्हणालास, ते तरी खरं होतं का?"

निवेदकांना इथे काहीतरी सुंदर म्हणता आलं असतं. तशी वाक्यं त्यांच्याकडे ढिगाने होती.

"कंपनीचं मला माहीत नाही," ते म्हणाले. "पण असं वाक्य म्हणताना डोळ्यांसमोर कुणीतरी आणावं लागतं, त्याशिवाय आवाज भरून येत नाही. मी तुम्हाला आणलं होतं. बाराही वेळा."

भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. बायकोने मान हलवली. भाऊंनी फोन उचलला, नंबर लावला आणि स्पीकर न लावता कानाला धरला.

"हॅलो. हो, मीच. येतो सोमवारपासून. नाही रे, ते बढतीबिढतीचं काही नव्हतं. काढलं मला."

पलीकडून मेहुण्याने काहीतरी विचारलं. भाऊंनी ते नीट ऐकून घेतलं.

"कळवलं कसं म्हणजे? माणूस आलाय घरी सांगायला."